वरून लेप, आतून ओल

अमेरिकेत जुना ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं फिरतं घर, विकत घ्यायला गेलं आणि छपराचा विषय काढला, की विकणारा छातीठोकपणे सांगतो, "गळत होतं, पण मी ते केव्हाच बंद केलंय." माझी तक्रार या 'बंद केलंय'बद्दल आहे. बाथरूमच्या फटींत भरायचं सिलिकॉन आणायचं आणि जिथे शंका येईल तिथे पिळून मोकळं व्हायचं, यालाच हे लोक दुरुस्ती म्हणतात.

मुळात या छपरात दम कमी. इंडियानातल्या एल्कहार्टच्या आसपास असे ट्रेलर ढिगाने बनतात. बहुतेकांच्या डोक्यावर पातळ प्लायवुड आणि त्यावर चिकटवलेली रबराची किंवा टीपीओ प्लास्टिकची चादर असते. मग त्या अखंड चादरीला भोकं पाडायची. हवेसाठी 14 इंची चौकोनी झरोके, तेवढंच भोक एसीसाठी, टाक्यांचा वास बाहेर सोडणारे पाइप, अँटेना, आणि कडेच्या पट्ट्यांवर ओळीने स्क्रू. पाणी अडवायचं काम शेवटी सीलंटवर येतं. उन्हाने आणि थंडीने ते आक्रसतं, हायवेवरच्या हादऱ्यांनी त्याला चिरा जातात. म्हणून ते वरचेवर तपासावं लागतं. पण तपासणार कोण? छपरावर चढायलाच कोणी तयार नसतं.

दुसरी तक्रार पाण्याबद्दल. ते पुढच्या कडेच्या पट्टीतून शिरतं, आतल्या फळीवरून सरकत जातं आणि मागच्या पलंगाच्या कोपऱ्यात उतरतं. डाग पडतो तिथे भोक नसतंच. तरी लेप मात्र नेमका डागाच्या वर लावलेला सापडतो. शोधायची रीत अवघड नाही. खिडक्या-झरोके बंद करून एका झरोक्यातून पंख्याने हवा आत कोंडायची आणि वरच्या सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी मारायचं. फट असेल तिथे बुडबुडे येतात. हे न करता लेप लावणं म्हणजे निव्वळ अंदाजपंचे काम.

आणि तो लेप काढताना जीव जातो. सिलिकॉनचा पापुद्रा जरी राहिला तरी त्यावर नवं सीलंट धरत नाही. लोखंडी पात्याने खरवडावं तर चादर कापली जाते. पेट्रोलियमचं द्रावण वापरावं तर रबर फुगतं. मग प्लास्टिकच्या पट्टीने उन्हात गुडघ्यांवर बसून तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे उपटत बसायचं. छपराच्या कडेची पट्टी सुटली की खाली गंजलेले स्क्रू. ते फिरतात, पण घट्ट होत नाहीत, कारण खालचं लाकूड भुसभुशीत झालेलं असतं. आधी ते लाकूड बदलायचं, मग पट्टीखाली ब्युटाइल टेप घालायची, ती आवळायची, आणि शेवटी स्क्रूंच्या डोक्यांवर सीलंट ओतायचं. सपाट जागी आपोआप पसरणारं, उभ्या कडेला न ओघळणारं. या दोहोंच्या नळ्या दुरून ओळखू येतील इतक्या वेगळ्या का करत नाहीत, हेही मला विचारायचं आहे.

कोकणात पावसाआधी कौलं चाळतात. फुटलेलं कौल काढून नवं घालतात. त्यावर काही फासून ते झाकत नाहीत. छपराला दरवर्षी हात लावावा लागतो, हे तिथे घरातल्या पोरालाही ठाऊक असतं. ट्रेलरच्या मालकांनी एवढं जरी मानलं, तरी निम्मी लाकडं वाचतील.

वरून लेप चढला की ओल आतच मुरते. फायबरग्लासची भिंत मागच्या प्लायवुडपासून सुटते आणि तिला पोट येतं. तिथवर गेलेली दुरुस्ती जुन्या ट्रेलरच्या किमतीलाही मागे टाकू शकते. म्हणून घेणाऱ्याने ओल मोजायचं यंत्र सोबत न्यावं आणि कोपरे, झरोक्यांच्या कडा, पलंगाखालची जमीन तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत. विकणाऱ्याकडे माझं मागणं याहून साधं आहे. छप्पर गळत असेल तर गळतं म्हणून सांगा आणि किंमत कमी करा. उघड्या गळतीवर इलाज करता येतो. झाकलेली गळती कळते तेव्हा भिंत गेलेली असते, आणि तिचा खर्च ज्याने झाकली त्याला कधीच पडत नाही.