नळाला सोलकढी

ऑक्टोबर सरत आला की मिनेसोटातल्या माझ्या धाकट्या भावाशी धड बोलणं होत नाही. "दादा, नंतर करतो, गाडीतलं पाणी काढतोय," एवढं सांगून तो फोन ठेवतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. मीरा रोडच्या माणसाला गाडीत पाणी म्हटलं की २००५ची सव्वीस जुलैच आठवते.

मग कळलं, गाडी म्हणजे घरगाडी. आत ओटा, बेसिन, शॉवर, संडास, सहा गॅलनचा गीझर आणि पोटाखाली तीन टाक्या. एक चांगल्या पाण्याची, दुसरी भांड्या-आंघोळीच्या पाण्याची, तिसरीबद्दल जेवताना बोलत नाहीत. आपल्याकडेही २०२१मध्ये राज्य सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय. पण आमच्या सोसायटीत स्कूटर लावायला जागा मिळेना, तिथे न्हाणीघराला चाकं लावून कुठे उभं करायचं?

उन्हाळाभर भाऊ सहकुटुंब त्या गाडीतून हिंडतो आणि थंडी पडायच्या आत तिची नळजोडणी झोपवतो. कारण साधं आहे. गोठताना पाणी साधारण नऊ टक्के फुगतं आणि बिचारा पाइप फुगत नाही, फुटतो. म्हणून आधी तिन्ही टाक्या रिकाम्या करायच्या. गीझर निवला की त्याचा बूच काढून तोही ओतायचा. पाइपांच्या सगळ्यात खालच्या अंगाला पाणी सोडायच्या तोट्या असतात, त्या उघडायच्या. मग गीझरला वळसा घालणारा वॉल्व फिरवायचा, नाहीतर पुढचं महागाचं औषध तोच गिळून बसतो. पुढचं औषध म्हणजे न गोठणारं गुलाबी द्रव. ते पंपानं पाइपांत खेचायचं आणि एकेक नळ उघडून, गरम आधी, गार नंतर, तोटीतून गुलाबी धार येईपर्यंत वाट पाहायची. शेवटी वाटीभर बेसिनच्या मोरीतही ओतायचं.

हा सोहळा त्यानं एकदा व्हिडिओ कॉलवर दाखवला. आमची ही मागून डोकावली आणि म्हणाली, "अहो, भावजींकडे नळाला सोलकढी येते!"

त्या वर्षी सगळे नळ झाले, फक्त गाडीच्या बाहेरच्या बाजूला, पाय धुवायला असलेला छोटा शॉवर विसरला. एप्रिलमध्ये पंप सुरू केल्याबरोबर आतल्या कपाटातून कारंजं उडालं. वीतभर पाइपात राहिलेलं ओंजळभर पाणी! "इथे एक थेंब विसरून चालत नाही, दादा," तो म्हणाला. मी म्हटलं, इथेही चालत नाही रे, पण अर्थ वेगळा.

पाइपांतून पाणी हुसकायला तिकडे काहीजण कॉम्प्रेसरनं हवा मारतात. आमच्याकडे ती सोय आपोआप होते. पाण्याच्या वेळेला नळ सोडला की आधी तो खोकतो, मग फुसकारतो, एक लालसर गुळणी टाकतो आणि त्यानंतर मन झालं तर वाहतो. मन झालं नाही तर प्लंबर. आमचा प्लंबर ओडिशातल्या केंद्रपाड्याचा. देशभरच्या नळांना त्या एका जिल्ह्यानं पाने पुरवलेत. तो माळ्यावरच्या काळ्या टाकीत डोकं घालून म्हणतो, "एअर पकडा है." तिकडे पैसे मोजून हवा भरतात, मी पैसे मोजून काढतो. बाकी भायंदर-मीरा रोडची सगळी आशा सध्या सूर्या धरणाच्या पाण्यावर. तिकडे सूर्य नाही म्हणून पाणी अडतं, इकडे 'सूर्या' पोचायची वाट.

थंडीआधीच्या या कामाला, 'विंटरायझेशन'ला, मराठीत शब्द काय, असं भावानं विचारलं होतं. मला शेजारच्या उत्तनला, कोळ्यांकडे सापडला. मेअखेरीस तिथे होड्या किनाऱ्यावर ओढतात. १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद. इंजिनाची निगा, पिंपं पालथी घालणं, वरून झापं नि निळं प्लास्टिक. होडी शाकारली, म्हणतात. आणि त्या सगळ्या धांदलीला आगोट. तेव्हा भाऊ काय करतो? घरगाडी शाकारतो, आगोट फक्त थंडीची. त्याला आवडला शब्द. मुलांना उच्चारता येत नाही, ते सोडा.

मला मात्र शाकारायची ती न्हाणीघराची जाळी. तिच्याखालच्या वाडग्याला देशभरचे प्लंबर 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. आपली न्हाणी अशी थेट सरकारी मानकांत जाऊन बसली आहे! त्यात दोनेक इंच पाणी कायम साठून राहतं, आणि आपलं घर व शहराचं गटार यांच्यामध्ये तेवढाच काय तो पडदा. एका मेमध्ये महिनाभर गावी, सावंतवाडीला, राहिलो. परत येऊन दार उघडलं तर पडदा सुकलेला, आणि झुरळांनी आमचं स्वागत यजमानांच्या थाटात केलं.

भावाला सांगितलं. तो म्हणाला, पाणी भर आणि वर दोन चमचे तेल सोड, म्हणजे वाफ होऊन उडत नाही. गंमतच! तो थेंब राहू नये म्हणून झटतो, मी दोन इंच उडू नये म्हणून.

यंदा जानेवारीत लग्नाला गावी निघालो. सामान खाली गेलेलं, रिक्षा थांबलेली, तेव्हा मला तेलाची आठवण झाली. "गोडेतेल वरच्या डब्यात बांधून ठेवलंय," ही म्हणाली आणि न्हाणीघरातल्याच बाटलीतून खोबरेल ओतून मोकळी झाली.

तीन आठवड्यांनी पहाटे परतलो. वास नाही, झुरळ नाही. दिवा लावून जाळी उचलली. खाली पांढराशुभ्र, गुळगुळीत, बत्ताशासारखा गोल घट्ट बसला होता. खोबरेल चोवीस अंशांच्या खाली थिजतं, हे शाळेत शिकलो होतो. फोटो काढून मिनेसोटाला पाठवला.

"दादा, विंटरायझेशन राहिलं तुझं," लगेच उत्तर आलं. "गुलाबी पाठवू का?"

पाठवायची गरज पडली नाही. हिनं गरम पाण्याचा तांब्या आणला.