फर्दीतील कलमे

वर्षाकाठी गाडी सर्व्हिसिंगला दिली की दुपारपर्यंत जी फर्द हाती येते, तीतील कलमे वाचताना आपण एका मोटारीचे मालक नसून एखाद्या कर्जबाजारी संस्थानाचे अधिपती आहोत, असा मला भास होतो. इंजिन ऑइल व त्याचा फिल्टर बदलणे रास्त. ब्रेक ऑइल हवेतील आर्द्रता शोषते व त्याचा उत्कलनबिंदू उतरतो, सबब दोनेक वर्षांनी तेही बदलावे, याविषयी तक्रार नाही. परंतु ज्या वातावरणात परमेश्वराने 78 टक्के नायट्रोजन विनामूल्य भरून ठेवला आहे, त्यातच उभे राहून चार चाकांत तोच वायू दाम मोजून भरण्याचा आग्रह सल्लागार अदबीने धरतो, तेव्हा त्याच्या गांभीर्याचे कौतुक वाटते.

“काका, इंजिन फ्लशिंगही करून टाकू.”

डॅशबोर्डच्या खणात प्लास्टिकच्या वेष्टनासह निद्रिस्त असलेली कंपनीची पुस्तिका मी काढली आणि तीत या अभ्यंगस्नानाचा उल्लेख कोठे आहे, अशी पृच्छा केली. दोन पाने चाळून त्याने “कंपल्सरी नाही तसं” असा निवाडा दिला व ते कलम खोडले. टेफ्लॉन कोटिंगचे कलम मात्र शाबूत राहिले. ते फर्दीच्या पाठीवर होते.