पुढचं चाक

गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूर जिल्ह्यातल्या गारगोटीत पुढचं चाक उचलण्याचा पहिला मान ट्रॅक्टर घेतो. उसानं खचाखच भरलेली ट्रॉली रानातून रस्त्यावर काढताना मागची चाकं मातीत रुततात, इंजिन जोर लावतं आणि पुढची दोन्ही चाकं हळूच आभाळाकडं बघायला लागतात. लगेच दोन गडी बंपरवर चढून बसतात. ड्रायव्हरच्या चेहऱ्यावर पराक्रमाचा मागमूस नसतो. त्याला टनाची काळजी. 'नाद खुळा' म्हणायला तिथं कुणी थांबत नाही.

तेच मोटरसायकलवर झालं की नाक्यावरचा चहा थांबतो. शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईकांच्या पुढाकारानं या गावात मौनी विद्यापीठ उभं राहिलं, शिक्षक घडवण्यापासून ग्रामीण अभियांत्रिकीपर्यंत शिकण्याची सोय झाली. पण चाक उचलण्याचा, म्हणजे व्हीलीचा, हा एकच विषय पोरं अजून मोबाइल बघून शिकतात. आणि मोबाइलवर चाक वर जाताना दिसतं. ते खाली कसं आलं हे कळायच्या आत पुढचा व्हिडिओ सुरू होतो.

आधीच्या पिढीची गोष्ट निराळी. 1985 साली यामाहाची आरएक्स 100 आली. 98 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, 11 हॉर्सपॉवर; आजच्या गाड्यांपुढं आकडा किरकोळच. पण गाडी अंगानं हलकी, आणि क्लच जरा झटक्यात सुटला की पुढचं चाक मालकाला न विचारता उठायचं. त्या काळच्या बऱ्याच बापमंडळींची व्हीली अशी नकळतच झालेली आहे. पोरांना सांगताना मात्र तिची 'आम्हीबी मारायचो' होते.

खरी विद्या उजव्या पायात आहे. चाक उचलायला क्लच आणि मूठ पुरते, खाली आणायला मागचा ब्रेक लागतो. गाडी मागं कलंडतेय असं वाटताच तो हलकेच दाबला की नाक खाली येतं. घाबरलेला माणूस नेमकं उलटं करतो. हँडलला लोंबकळतो, अंग मागं जातं, तशी मूठ आणखी पिळली जाते, आणि गाडी त्याला रस्त्यावर बसवून पुढं निघून जाते. एकदम मूठ सोडणाराही सुखी नाही. पुढचं चाक आदळून त्याचे दातच वाजतात. म्हणून जाणता शिकवणारा पहिल्या गिअरमध्ये चाक वीतभरच उचलायला लावतो आणि लगेच ब्रेकनं खाली घ्यायला सांगतो. पुन्हा वीतभर, पुन्हा खाली. कंटाळा येईपर्यंत. तालमीत वस्ताद तरी कुठं पहिल्या दिवशी धोबीपछाड शिकवतो? आधी जोर-बैठकाच काढाव्या लागतात.

जपानच्या यासुयुकी कुडो यांनी 1991 साली एका चाकावर सलग 331 किलोमीटर गाडी नेली. कोल्हापुरातून निघाले असते तर पनवेलच्या अलीकडं पोचले असते! पण हा माणूस हायवेवर गेला नाही. वाहन संशोधन संस्थेच्या बंद ट्रॅकवर त्यानं हे केलं, आणि मला त्या अंतराइतकंच या शहाणपणाचं कौतुक वाटतं.

आपल्याकडं सार्वजनिक रस्त्यावर हा खेळ केला तर तो धोकादायक वाहन चालवणं ठरतो. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला 1,000 ते 5,000 रुपये दंड, 6 महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही. पोरगं अठराच्या आतलं असेल तर पालकालाच 25,000 रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आरएक्सच्या आठवणी रंगवण्याआधी बापानं हे एकदा वाचावं.

तेव्हा पोराला नाद लागलाच असेल तर नुसतं ओरडू नका. ओरडून उतरलेला नाद कुणी बघितलाय? मालकाला विचारून एखादं मोकळं, बंदिस्त मैदान शोधा, जाणता शिकवणारा गाठा. तोंडासकट झाकणारं हेल्मेट, हातमोजे, गुडघ्याचे पॅड आणि बूट घेऊन द्या. त्याला एकट्याला सोडू नका. आणि जाण्याआधी गाडी मेस्त्रीकडं नेऊन मागचा ब्रेक नीट लागतो का, तेवढं बघून घ्या.