लोहगावला नावं ठेवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

पुण्याच्या लोहगाव विमानतळाला नावं ठेवणं सोपं. मुद्देसूद नावं ठेवायला मात्र अभ्यास लागतो. नवशिका तक्रारदार ‘विमानतळवाले’ म्हणून सगळ्यांना एकाच दावणीला बांधतो आणि तिथेच फसतो. आधी मालकी तपासावी. धावपट्टी हवाई दलाची, टर्मिनल विमानतळ प्राधिकरणाचं, शहरातले रस्ते महापालिकेचे. विमाननगरच्या सिग्नलला अडकल्यावर प्राधिकरणाला शिव्या घातल्या, तर त्या वाया जातात. लोहगाव १९३९ पासून लष्करी तळ आहे. प्रवासी विमानं तिथे पोटभाडेकरू. घरमालकाने धावपट्टीची डागडुजी काढली, तेव्हा ऑक्टोबर २०२० पासून वर्षभर रात्रीची उड्डाणं थांबली आणि पुढच्या ऑक्टोबरात विमानतळच चौदा दिवस बंद राहिला. भाडेकरूने फार तर कुरकुरावं.

दुसरी पायरी म्हणजे तक्रारी एकमेकींशी ताडून पाहणं. ‘विमानतळ अपुरा आहे’ आणि ‘विमानतळ गावातच हवा’ ही वाक्यं एका अर्जात नांदत नाहीत. कोणी म्हणेल, नवं टर्मिनल झालंच की! झालं, १० मार्च २०२४ ला उद्घाटन आणि १४ जुलैला प्रत्यक्ष उड्डाणं, म्हणजे उशिराची सवय इमारतीलाही लागलेली. पण वाढली ती इमारत. विमानांना पूर्वीचीच सुमारे अडीच किलोमीटरची धावपट्टी आहे आणि तीही लढाऊ विमानांशी वाटून घ्यायची. दुबई, सिंगापूरपर्यंत ठीक; थेट लंडन का नाही, हे काउंटरवरच्या मुलीला विचारू नये. टॅक्सीसाठी एरोमॉल या पार्किंगच्या इमारतीकडे बॅगा ओढताना या प्रश्नावर निवांत चिंतन करता येतं.

‘मग पुरंदरला नवा बांधा,’ हा आक्षेप वजनदार आहे आणि शहराची वाढ पाहता खराही. मात्र तो घेणाऱ्याने दोन गोष्टी लिहून द्याव्यात: तिथल्या सात गावांचा जमिनी देण्याला झालेला विरोध आपल्याला ठाऊक आहे आणि पहाटेच्या विमानासाठी मध्यरात्री दिवे घाट चढावा लागला, तर ‘फार लांब केला बुवा’ असं आपण म्हणणार नाही. दुसऱ्या अटीवर सही करणारा पुणेकर मिळणं कठीण. जवळच्या विमानतळाची किंमत आपल्या वेळात मोजावी लागते, मोठ्याची दुसऱ्याच्या शेतात. पावती कोणाच्या नावावर फाडायची ते ठरवावं, मगच तक्रारीची पहिली ओळ लिहावी.