एक्स्टर्नल येताहेत!

इंग्लंडात १८३२ साली डरहम विद्यापीठ निघालं. नव्या विद्यापीठाच्या पदवीवर विश्वास कोण ठेवणार, म्हणून परीक्षेला ऑक्सफर्डहून बाहेरचे परीक्षक, म्हणजे ‘एक्स्टर्नल’, बोलावले गेले. ही रीत यथावकाश आपल्याकडेही रुजली. आपण तिच्यात फक्त पनीर मसाल्याची भर घातली.

कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजातला ओरलचा दिवस पाहावा. बंद पडलेला ऑसिलोस्कोप पुसूनबिसून टेबलावर मांडलेला असतो. चालू करायचा नसतो. लॅब असिस्टंट सकाळीच विचारून ठेवतो, ‘सर, चहा बिनसाखरेचा ना?’ एक्स्टर्नल शेजारच्या तालुक्यातले. पुढच्या आठवड्यात इथले इंटर्नल त्यांच्याकडे एक्स्टर्नल म्हणून जाणार असतात. त्यामुळे एकमेकांच्या पोरांची हुशारी पाहून दोघेही थक्क होतात.

पहिल्या रोल नंबरला प्रश्न खरोखर विचारतात. तो बाहेर आला की दारातच घेराव. ‘काय विचारलं रे?’ ‘डायोड.’ पाच मिनिटांत अख्खी बॅच डायोडमध्ये पारंगत! चुकून प्रश्न बदललाच, तर एक्स्टर्नलच्या खुर्चीमागे उभे असलेले इंटर्नल मान हलवायला समर्थ असतात. जेवणाचे डबे आल्यानंतरच्या नंबरांना एकच प्रश्न: ‘जर्नल स्वतः लिहिलंस?’ ‘हो सर’ म्हटलं की २५ पैकी २२. शाई ओली असेल तर २१, शिस्त हवीच.

गुणांचं म्हणाल तर ते यादीवर पेन्सिलीने आधीच मांडलेले असतात. ‘हा २४, सर. गॅदरिंग यानेच सांभाळलं.’ ‘याला कमी द्या, लेक्चरला बसत नाही.’ एक्स्टर्नल पेन उघडतात आणि बालवाडीतल्या पोरासारखं निमूट गिरवतात. मग सही, लखोटा, लाख. गोपनीयता म्हणजे गोपनीयता.

कडक परीक्षा होते ती संध्याकाळी, अकाउंट्सच्या खिडकीवर. परीक्षार्थी, खुद्द एक्स्टर्नल.

‘एसटीने आलात की गाडीने?’

‘गाडीने.’

‘अंतर ४२ लिहिलंय. मोबाइलवर ३८ दाखवतंय.’

‘बायपास बंद होता हो.’

‘नेमणुकीचं पत्र? झेरॉक्स नको, मूळ प्रत. पॅन? कॅन्सल्ड चेक?’

एक्स्टर्नल आशेने मागे वळून पाहतात. इंटर्नल केव्हाच घरी गेलेले असतात. क्लार्क चष्म्यावरून एकदा बघतो आणि बिल खिडकीतून परत सरकवतो.

‘प्राचार्यांची सही राहिलीये, सर. ते मीटिंगला गेलेत. सोमवारी या.’