टँकरची तहान

भिवंडीत मिळत नाही अशी एखादी वस्तू सांगा, अशी कुणी पैज लावली तर मी बेधडक सांगेन: जुन्या टाटा बारा-दहाच्या रेडिएटरचा वरचा होजपाइप. काल्हेर-मानकोलीच्या गोदामांतून मोबाइलपासून लंगोटापर्यंत वाट्टेल ते रात्रीत निघतं आणि परगावी कुणाच्या तरी दारात जाऊन पडतं. हातभर रबरी नळीसाठी मात्र आमचे भाऊजी अंजूरफाट्यापासून वंजारपट्टी नाक्यापर्यंत चपला झिजवतात.

भाऊजींची गाडी तरुणपणी कापडाच्या गाठी वाहायची. उतारवयात तिच्या पाठीवर टाकी चढली आणि ती सायझिंगवाल्यांना, चाळींना बोअरचं पाणी पुरवू लागली. मागे दहा हजार लिटर पाणी आणि पुढे बॉनेटमधून वाफ, असं तिचं एकूण ध्यान. गाडी तापली की ड्रायव्हर मागचीच तोटी सोडतो आणि कळशीभर पाणी रेडिएटरला पाजतो. गोम तिथंच आहे. बोअरचं पाणी खारट. ते तापलं की क्षार नळ्यांना आतून धरतात, नळ्या अरुंद होतात, गाडी आणखी तापते आणि ड्रायव्हर आणखी एक कळशी ओततो. कूलंटचा डबा घ्या म्हटलं तर भाऊजी विचारतात, ‘पाण्याच्या टँकरला पाणी विकत आणू?’

पार्टच्या दुकानात गेलं की मुलीचं स्थळ सांगून आल्यासारखी चौकशी सुरू होते. गाडी कुठली, इंजिन कुठलं, आधी कुणाकडे होती, हात कुणी लावला? ‘बारा-दहा’ हे झालं नुसतं आडनाव. 1954 मध्ये टाटांच्या टेल्कोने डेमलर-बेंझशी करार केला, 1969 पर्यंत जमशेदपूरच्या ट्रकवर मर्सिडीजचा तारा मिरवला, आणि म्हातारे मिस्त्री अजूनही या घराण्याला ‘बेंझ’च म्हणतात. इंजिनाचं नाव मात्र सरळ असतं: 692 म्हणजे 6 सिलिंडर आणि 92 मिलिमीटरचा बोअर, 697 म्हणजे 97 चा. आमच्या गाडीत आधीच्या मालकाने 692 उतरवून 697 बसवलं. रेडिएटर सोळा-तेराचा, पंखा मोडीतल्या एसटीचा असल्याची वदंता. आरसी बुकात यातलं काहीच नाही. म्हणून शेठ शेवटी एकच विचारतो, ‘सॅम्पल लाया?’ जुना, फाटका, तारेने आवळलेला तुकडा गल्ल्यावर ठेवला की तो बोटाने व्यास मोजतो आणि मान हलवतो. मग पुढचं दुकान.

मला खरा रस रेडिएटरवाल्या चाचांच्या टपरीत. त्यांनी वरची पितळी टाकी ज्योतीवर सोडवली, आत चपटी पट्टी घालून एकेक नळी साफ केली, पुन्हा डाख दिला, तोंडं बंद करून रेडिएटर हौदात बुडवला आणि हवा सोडली. बुडबुडा निघाला की तिथं खडूची खूण. एका कोपऱ्यातून हळद निघाली. गळकी नळी बुजावी म्हणून रेडिएटरमध्ये हळद टाकायची हा आपल्या हायवेवरचा आजीबाईचा बटवा. गळती थांबते हे खरं, पण सोबत चांगल्या नळ्याही थांबतात. ‘अल्युमिनियमचा नवीन घेता का? हा तांब्या-पितळेचा मी ठेवतो,’ असं चाचांनी सहज म्हणून पाहिलं. भंगारातला तांब्याचा भाव भाऊजींना तोंडपाठ होता.

वॉटर पंपाची गंमत वेगळी. त्याच्या पोटाशी एक बारीक भोक असतं. सील गेलं की पाणी तिथून टिपकतं, म्हणजे ते बेअरिंगकडे जात नाही आणि मालकालाही कळतं. आमच्या पंपाचं भोक कुणीतरी एम-सीलने शिस्तीत बुजवलं होतं. गळती दिसेनाशी झाली, बेअरिंग गेलं.

ज्या गावात आजही जुने साधे माग स्थानिक ओतीव सुट्या भागांवर खडखडतात, त्या गावात ट्रक जिवंत ठेवायची विद्या नवी नाही. होजपाइप शेवटी दुसऱ्याच मॉडेलचा मिळाला. चार बोटं कापल्यावर बसला.

राहिला थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह. तो मागेच काढून टाकलेला, कारण ‘आपल्याकडे गरमीच एवढी, त्याचं काय काम?’ हे मत भिवंडीतच नव्हे, देशभरच्या गॅरेजांत वेदवाक्य आहे. इंजिन ऐंशीएक अंशांपर्यंत तापू द्यायचं आणि मग पाण्याला रेडिएटरची वाट मोकळी करायची, एवढंच त्याचं काम. तो नसला की थंड इंजिन डिझेल पीत राहतं. मी हे सगळं चाचांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, डब्यांत हात घालून एक व्हॉल्व्ह काढला, फडक्याने पुसला.

‘लावतो,’ ते म्हणाले. ‘मे महिन्यात काढायला याल, त्याची मजुरी आत्ताच धरू का?’