चौथा शनिवार आणि नाना

सर्व्हर बंद करायला दोन मिनिटं पुरतात, असं ज्यांना वाटतं त्यांनी चौथ्या शनिवारी आमच्या बँकेच्या मुख्य कचेरीत यावं. ग्राहकांना सुट्टी आणि सर्व्हर सांभाळणाऱ्या नानांना मुहूर्त. ऐन मे महिन्यात एसीच्या गारठ्यात स्वेटर घालून बसलेले नाना आधी 'हू' ही कमांड मारतात. आत कोण कोण आहे त्याची यादी पडद्यावर येते. हिशेब विभागातले एक साहेब तीत हटकून असतात. शुक्रवारी संध्याकाळी ते काम तसंच उघडं टाकून घरी गेलेले असतात.

एरवी विचारल्याशिवाय तोंड न उघडणारे नाना 'वॉल'वर मात्र खुलतात. एक निरोप, सगळ्यांच्या स्क्रीनवर: "सर्वांस नम्र विनंती, सर्व्हर १५ मिनिटांत बंद होत आहे. कृपया काम सेव्ह करून बाहेर पडावे. तसदीबद्दल क्षमस्व." थोड्या वेळाने पुन्हा. शेवटच्या ५ मिनिटांत लिनक्स आपणहूनच नवं लॉगिन घेईनासं होतं, तरी नाना साहेबांच्या घरी फोन लावतातच. "वहिनी, साहेबांना जरा विचारता का, एखादं व्हाउचर अर्धवट नाही ना राहिलं?"

ऑरॅकल डेटाबेस बंद करायच्या तऱ्हा निरनिराळ्या. 'नॉर्मल' म्हटलं तर शेवटचा माणूस स्वतः उठेपर्यंत तो वाट बघतो. 'इमीजिएट' म्हटलं की अपुरे व्यवहार मागे फिरवून सगळ्यांना बाहेर काढतो. 'अबॉर्ट' म्हटलं तर जागीच मान टाकतो आणि पुन्हा सुरू झाल्यावर आधी झालेला पसारा निस्तरतो. नाना पिंडाने नॉर्मल, मॅनेजरसाहेब जन्मजात अबॉर्ट. "अहो, एक बटण दाबायला एवढा वेळ?" शेवटी इमीजिएटवर तडजोड होते.

आधी अ‍ॅप्लिकेशन, मग डेटाबेस. त्यानंतर तीनदा 'सिंक'. जुन्या युनिक्सवर डिस्कवरचं लिखाण पुरं होण्याआधीच ही कमांड परत यायची. पुढच्या दोनदा टाइप करण्यात डिस्कला तेवढीच उसंत. आता हे सगळं शटडाउन स्वतःच करतं, पण नानांचं आचमन काही सुटत नाही.

मग खरी कमांड. ती लिहून नाना दोन्ही हात मांडीवर ठेवतात आणि अक्षर अन् अक्षर वाचतात. 'आर' असेल तर मशीन परत येईल. 'एच' पडलं, आणि तेही दुसऱ्या गावच्या मशीनवर, तर कोणीतरी किल्ली शोधून, कुलूप काढून बटण दाबायला जायचं. म्हणून नानांनी 'मॉली-गार्ड' बसवलंय. दुरून बंद करू गेलं की ते आधी मशीनचं नाव विचारतं. ही मॉली म्हणे एका प्रोग्रॅमरची चिमुरडी. तिने आयबीएम ४३४१ चं लाल बटण एकाच दिवसात दोनदा दाबलं, म्हणून त्यावर झाकण आलं. नाना ही गोष्ट मॅनेजरसाहेबांकडे बघत सांगतात.

मशीन परत येईपर्यंत खोलीत कोणी बोलायचं नाही. मेमरी तपासण्यातच त्याची कितीतरी मिनिटं जातात. आता क्रम उलटा: डेटाबेस आधी, अ‍ॅप्लिकेशन नंतर.

सोमवारी हिशेबवाले साहेब तणतणत येतात. "माझी स्क्रीन कोणी बंद केली? निदान सांगायचं तरी!"

नाना खिशातून घडी केलेला कागद काढतात. त्यावर प्रत्येक निरोपाची वेळ असते, आणि खाली वहिनींशी झालेल्या बोलण्याची.